खाजगी विद्यापीठं जागतिक स्पर्धेत उतरायची तर पहिली पाच वर्षं पैसा कुठे लावावा?

निरंजन_औंध

लवळे, लोहगाव, लोणी काळभोर, कोंढवा. गेल्या दहा-बारा वर्षांत पुण्याच्या चारी अंगांना खाजगी विद्यापीठं उभी राहिली आणि बहुतेकांच्या आराखड्यात जागतिक क्रमवारीत येण्याचं उद्दिष्ट आहे. ढाका, अक्रा, नैरोबी, लाहोर इथल्या खाजगी विद्यापीठांची स्थितीही फार वेगळी नाही. सरकारी अनुदान नाही, सगळा डोलारा फीवर, आणि बाहेर नाव अजून कोणाला ठाऊक नाही.

चर्चेसाठी एक नमुना धरू: वय दहा वर्षांच्या आत, पाच हजार विद्यार्थी, दोनशे पूर्णवेळ प्राध्यापक. अशा विद्यापीठाने पहिली पाच वर्षं माणसं आणि पैसा कुठे लावावा?

माझं मत आधी मांडतो. क्रमवारीच्या मागे थेट धावू नये, कारण गणितच जुळत नाही. क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या सध्याच्या पद्धतीत १०० पैकी ३० गुण प्राध्यापकवर्गातल्या लौकिकाला आणि १५ नोकरी देणाऱ्यांमधल्या लौकिकाला आहेत. म्हणजे ४५ गुण जगातल्या लोकांना तुमचं नाव आठवतं का, यावर. त्यात सर्वेक्षणाची पाच वर्षांची उत्तरं एकत्र धरतात, त्यामुळे हा आकडा सावकाशच हलतो. दर प्राध्यापकामागच्या सायटेशनना (इतरांनी निबंधांचे दिलेले संदर्भ) २०, विद्यार्थी-प्राध्यापक प्रमाणाला १०, आणि परदेशी प्राध्यापक, परदेशी विद्यार्थी, आंतरराष्ट्रीय संशोधन-सहकार्य, पदवीनंतरचा रोजगार, शाश्वतता यांना प्रत्येकी ५.

टाइम्स हायर एज्युकेशन या दुसऱ्या क्रमवारीची अट तर दारातच आहे: पाच वर्षांत किमान १,००० शोधनिबंध. आपल्या नमुन्यातल्या दोनशे जणांनी दरवर्षी प्रत्येकी एक लिहिला तर जेमतेम काठावर. हा हिशोब व्यवस्थापनासमोर गेला की प्रत्येकाला वर्षाला दोन पेपरची सक्ती होते, आणि तिथून घसरण सुरू होते.

त्यापेक्षा दोन-तीन विभाग निवडावेत, त्यांना पाच वर्षं खरं बळ द्यावं आणि बाकी ठिकाणी अध्यापन चोख ठेवावं. विषयवार क्रमवाऱ्या वेगळ्या निघतात, तिथे एकेका विभागाच्या बळावरही नाव येऊ शकतं. जाणकारांनी नेमके नियम, आकडे आणि कुठे अडतं ते लिहावं.

गणकयंत्र

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित कामापासून सुरुवात करतो: विद्यापीठाचं नाव.

पुण्यातली बरीच खाजगी विद्यापीठं आधी संलग्न महाविद्यालयं होती. कायदा झाला, पाटी बदलली, पण प्राध्यापक पेपरवर जुनंच लिहीत राहतात. एकाच विभागातले चार जण कसं लिहितात बघा. एक लिहितो 'अमुक कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणे'. दुसरा त्यापुढे 'संलग्न सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' जोडतो. तिसरा फक्त आद्याक्षरं. चौथा नवीन नाव लिहितो, पण त्याआधी शिक्षणसंस्थेचं नाव लावतो. स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीच्या लेखी ही चार वेगळी ठिकाणं होऊ शकतात. दुसऱ्याचा पेपर सरळ पुणे विद्यापीठाच्या खात्यात जायची शक्यता मोठी. वर्षाला दीडशे पेपर छापून खात्यावर नव्वदच दिसले, तर उरलेले साठ असे गळालेले असतात.

करायचं ते असं. कायद्यात आहे तेच नाव, पुढे पुणे, पिनकोड, देश. या ओळीचं परिपत्रक काढा आणि ती ओळ नेमणूकपत्रातच छापा. आरओआर या खुल्या नोंदवहीत संस्थेचा क्रमांक आहे का ते पाहा, नसेल तर मागवा. तो फुकट मिळतो. प्रत्येक प्राध्यापकाचा आणि पीएचडीच्या विद्यार्थ्याचा १६ अंकी ऑर्किड (संशोधकाची ओळख सांगणारा) क्रमांक रुजू होण्याच्या दिवशीच नोंदवा. मग स्कोपसकडे नावांचे पर्याय एकत्र करण्याची विनंती पाठवा, सोबत नामबदलाच्या राजपत्राची प्रत. हे काम ग्रंथपालाकडे द्या आणि दर महिन्याला नवीन पेपर तपासायला सांगा. पेपर छापून आल्यावर पत्ता दुरुस्त करणं जिकिरीचं असतं, प्रूफ हातात असताना पाच मिनिटांचं.

दुसरी गळती 'पूर्णवेळ प्राध्यापक किती' या आकड्याची. नॅकला (मूल्यांकन) एक, एआयएसएचईला (उच्च शिक्षणाचं सरकारी सर्वेक्षण) दुसरा, एनआयआरएफला (सरकारची राष्ट्रीय क्रमवारी) तिसरा, क्यूएसला चौथा. प्रत्येक विभाग आपापली एक्सेल पाठवतो म्हणून असं होतं. एनआयआरएफची माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावीच लागते, त्यामुळे विसंगती कोणालाही दिसते. वेतनपत्रकातून निघालेली एकच यादी, एकच तारीख आणि सही करणारा एकच माणूस असावा.

रेवा

गणकयंत्र यांच्याशी पूर्ण सहमत. वाचनखूण साठवली.

पण खरी चणचण वेळेची आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन आहे, सहयोगी आणि प्राध्यापकांना १४. खाजगी विद्यापीठात त्यावर प्रवेशप्रक्रियेची ड्युटी, शाळांमधली समुपदेशन-सत्रं, नॅकच्या फायली आणि विद्यार्थ्यांच्या पालकत्वाची जबाबदारी चढते. मे-जून तर प्रवेशातच जातो, आणि नेमके तेच महिने सलग संशोधनाचे असतात.

निरंजन यांचा नमुनाच घेते. निवडलेल्या विभागांतल्या ४० जणांचं अध्यापन १६ वरून ८ तासांवर आणायचं ठरलं, तर आठवड्याला ३२० तास मोकळे होतात. ते भरायला १६ तासांची २० नवी पदं लागतात. हा खर्च टाळून फक्त 'संशोधन करा' असं परिपत्रक काढलं तर हाती काही लागत नाही. आणि सवलत दिलेल्यांकडून तीन वर्षांनी हिशोब घ्यावा. तो पेपरच्या संख्येवर नको, बाहेरून मिळालेलं अनुदान, पूर्ण केलेले पीएचडी आणि सर्वोत्तम तीन निबंध यांवर घ्यावा.

दुसरा खर्च शोधछात्रांचा. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या (डीएसटी) जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पीएचडीची शिष्यवृत्ती (जेआरएफ) महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. तीस छात्रांना वर्षाला १ कोटी ३३ लाख २० हजार. अनेक ठिकाणी पीएचडीचे विद्यार्थी उलट फी भरून अर्धवेळ येतात, दिवसा दुसरीकडे नोकरी करतात, आणि प्रयोगशाळा संध्याकाळी सहाला कुलूपबंद असते. इमारतीच्या दर्शनी भागाला लागणाऱ्या पैशात तीस पूर्णवेळ छात्र निघत असतील, तर छात्र आधी घ्यावेत असं मला मनापासून वाटतं.

मार्गदर्शकामागे मर्यादा आहे: प्राध्यापक ८, सहयोगी ६, सहायक ४. त्यामुळे वरिष्ठ माणसं नसतील तर छात्रांची संख्या वाढवताच येत नाही.

टेकडीवरून

इथे सगळे संशोधनाच्याच बाजूने बोलताहेत. वेगळी बाजू मांडतो.

घानामधलं अशेसी विद्यापीठ पाहा. पॅट्रिक अवुआ यांनी २००२ मध्ये सुरू केलं, खाजगी, ना-नफा. बरीच वर्षं ते केप कोस्ट विद्यापीठाच्या देखरेखीखाली चाललं आणि स्वतःची पदवी देण्याची राष्ट्राध्यक्षांची सनद २०१८ मध्ये मिळाली. त्यांनी पेपरांची संख्या वाढवण्यापेक्षा पहिली पदवी चोख करण्यावर भर दिला. तिथल्या विद्यार्थ्यांनी सचोटीची संहिता स्वतः स्वीकारली आणि त्यानुसार पर्यवेक्षकाविना परीक्षा होतात. आज आफ्रिकेबाहेरचे लोकही त्या पदवीला मान देतात.

मेक्सिकोतलं मॉन्टेरेचं तंत्रविद्यापीठ १९४३ चं, तेही खाजगी. १९५० मध्येच त्यांनी अमेरिकेतल्या दक्षिण विभागाच्या अधिस्वीकृती मंडळाकडून मान्यता घेतली. क्रमवाऱ्या जन्मायच्या कितीतरी आधी. बाहेरच्या कसोटीला लवकर सामोरं जाणं हे त्यांचं बळ ठरलं.

आपल्याकडे अभियांत्रिकीसाठी ती सोय घरबसल्या आहे. भारत जून २०१४ पासून वॉशिंग्टन कराराचा (सदस्य देश एकमेकांच्या अभियांत्रिकी पदव्या समतुल्य मानतात) स्थायी सदस्य आहे आणि एनबीए या राष्ट्रीय मान्यता मंडळाच्या टियर-१ मान्यतेचे अभ्यासक्रम त्या करारात बसतात. विद्यापीठ असल्यामुळे खाजगी विद्यापीठ टियर-१ साठी अर्ज करू शकतं, स्वायत्त नसलेलं संलग्न महाविद्यालय करू शकत नाही. परदेशी मान्यतेपेक्षा खर्च कमी आणि पदवीधराला बाहेर थेट उपयोग.

ही मान्यता अडते ती कोर्स आउटकमच्या (विषय शिकून विद्यार्थ्याला काय यायला हवं) कागदांवर. प्रश्नपत्रिकेतला प्रत्येक प्रश्न कोणत्या आउटकमचा आहे ते पेपर काढतानाच लिहायचं असतं. प्रत्यक्षात वर्षअखेरीला कुणीतरी एकटा बसून सगळे तक्ते भरतो आणि सगळ्या आउटकमना ३ पैकी २.४ ते २.६ येतं. भेटीला आलेली समिती एक उत्तरपत्रिका उचलते आणि विचारते, प्रश्न ३ ब मध्ये निम्मे विद्यार्थी नापास आहेत, मग हा आउटकम २.५ कसा? आणि समजा खरंच कमी आला होता, तर पुढच्या वर्षी शिकवण्यात काय बदललं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी असेल तर पहिल्यातला कमी आकडा आड येत नाही. कमी आकडा लपवण्याची गरजच नसते, हे विभागप्रमुखांना कोणीतरी ठामपणे सांगायला हवं.

निरंजन_औंध

@टेकडीवरून, मुद्दा मान्य. म्हणूनच 'बाकी ठिकाणी अध्यापन चोख' असं लिहिलं होतं, पण तुम्ही ते कसं करायचं ते सांगितलंत. व्यवस्थापनशास्त्राच्या विभागांना एएसीएसबी या आंतरराष्ट्रीय मान्यतेबद्दल कोणी लिहील का?

शलाका१०

थोडक्यात लिहिते. पात्रता-अर्ज, मग मार्गदर्शक नेमला जातो, मग प्राथमिक आत्मपरीक्षण अहवाल, दरवर्षी प्रगती अहवाल, शेवटी भेट. पाच-सात वर्षं धरून चाला. अडतं ते प्राध्यापकांच्या वर्गवारीवर. साधारण ४० टक्के अध्यापनबळ पीएचडी असलेलं आणि सध्या संशोधनात सक्रिय, आणि मान्य चार वर्गांत (संशोधनात किंवा व्यवसायात सक्रिय असलेले) मिळून ९० टक्के, असं गणित लागतं. उद्योगातून आलेले अतिथी प्राध्यापक जास्त असतील तर त्यांनी गेल्या पाच वर्षांत व्यवसायात काय केलं याचे पुरावे गोळा करण्यातच दमछाक होते. ते पुरावे नेमणुकीच्या वेळीच मागा.

मुळाकाठ

संयुक्त पदव्यांबद्दल. यूजीसीचे मे २०२२ चे नियम स्पष्ट आहेत. नॅकचे किमान ३.०१ गुण, किंवा एनआयआरएफच्या विद्यापीठ गटात पहिल्या १०० मध्ये, किंवा उत्कृष्ट संस्थेचा दर्जा, यांपैकी एक असेल आणि परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या पहिल्या १,००० मध्ये असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. ट्विनिंगमध्ये (अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशात, पदवी इथली) परदेशी श्रेयांक ३० टक्क्यांपर्यंत, संयुक्त पदवीत दोन्हीकडे किमान ३० टक्के, दुहेरी पदवीत भारतीय संस्थेत किमान ३० टक्के. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाला हे लागू नाही, फ्रँचायझी चालत नाही.

करार सह्यांनंतर मरतात ते तीन जागी.

एक, श्रेयांक. आपली चार वर्षांची पदवी १६० श्रेयांकांची, युरोपातली तेवढ्याच कालावधीची २४०. वर्षाला आपले ४० म्हणजे त्यांचे ६०, दीडपट. हे करारात लिहिलं नाही तर सहा महिने तिकडे शिकून आलेल्या मुलाचे २० मानायचे की ३०, यावर परीक्षा विभागात फाइल फिरत राहते. विषयाला विषय जुळवत बसू नका, सत्राला सत्र जुळवा.

दोन, दिनदर्शिका. आपलं सत्र जुलै-ऑगस्टला सुरू होतं, त्यांचं सप्टेंबर अखेर. आपला निकाल लागायच्या आत त्यांना गुणपत्रक हवं असतं. परदेशी जाणाऱ्यांचे निकाल आधी लावण्याचा ठराव विद्या परिषदेत आधीच करून घ्या.

तीन, तोल. एकाच्या बदल्यात एक अशी फीमाफी असते. आपले दहा जायला तयार, तिकडून दोनच येतात, आणि दुसऱ्या वर्षी देवाणघेवाण थांबते. यावर उपाय म्हणजे त्यांच्यासाठी तीन-चार आठवड्यांचे छोटे अभ्यासक्रम. पुण्यात विषयांची वानवा नाही: पश्चिम घाटाचं पर्यावरण, वाहन उद्योग, खोडद परिसरातली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, लसनिर्मिती. चार छोटे पाहुणे बरोबर एक पूर्ण सत्र असं प्रमाण करारात घालता येतं.

आणि परदेशी विद्यापीठं आता इथेच येताहेत. साउथॅम्प्टन गुरुग्रामला, डीकिन आणि वोलाँगाँग गिफ्ट सिटीत. केवळ 'परदेशी पदवीचा वास' विकणाऱ्या अभ्यासक्रमांना त्यामुळे फार दिवस नाहीत.

रेवा

@मुळाकाठ, उत्तम. पैशाबद्दल एक भर. होरायझन युरोप या युरोपीय संघाच्या संशोधन-कार्यक्रमात भारतीय विद्यापीठ भागीदार होऊ शकतं, पण निधी आपोआप मिळत नाही, स्वतःची तरतूद दाखवावी लागते. इरास्मस प्लस या युरोपीय शिक्षण-कार्यक्रमाची क्षमताबांधणी योजना नव्या विद्यापीठाला जास्त सोयीची. परदेशी देणगी किंवा अनुदान घ्यायचं तर एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलंच खातं, प्रशासनखर्च २० टक्क्यांच्या आत, आणि तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे 'आपण घेऊ आणि शेजारच्या महाविद्यालयालाही देऊ' अशी प्रकल्परचना करूच नका. चार्टर्ड अकाउंटंटला प्रस्ताव लिहितानाच बसवा.

डेक्कनचा_वाचक

ग्रंथालयाचा विषय कोणीच काढला नाही. 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजनेत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं १ जानेवारी २०२५ पासून मिळू लागली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी मंजूर झाले. पण लाभ सरकारी संस्थांना. खाजगी विद्यापीठं बाहेर. म्हणजे गणेशखिंडीच्या एका बाजूला, सरकारी पुणे विद्यापीठात, सगळं उघडं, दुसरीकडे खाजगीत प्रत्येक लेखाला पैसे.

यातून वाट काढायची तर सगळे गठ्ठे विकत घेण्याऐवजी निवडलेल्या दोन-तीन विभागांपुरती नियतकालिकं घ्या, बाकीसाठी डेलनेटसारखं ग्रंथालयांचं जाळं आणि मुक्त प्रती शोधणारं अनपेवॉल. मागणी-नोंदवही ठेवा: कोणता लेख मागितला, मिळाला का, किती दिवसांत. पुढच्या वर्षी काय घ्यायचं ते या नोंदवहीवरून ठरवा, प्रकाशकाच्या विक्रेत्यावरून नको. उपकरणांसाठी आय-स्टेम पोर्टलवर बाहेरच्या सरकारी प्रयोगशाळांतली यंत्रं भाड्याने मिळतात, एकदम कोटीचं सूक्ष्मदर्शक घ्यायची गरज नाही. घेतलंच तर तंत्रज्ञ आणि वार्षिक देखभाल करार यांची पाच वर्षांची तरतूद खरेदीच्या ठरावातच करा.

गणकयंत्र

आता घसरणीबद्दल. निरंजन यांनी सक्तीचा उल्लेख केला, तिचं पुढे काय होतं ते सांगतो.

सक्ती किंवा पेपरमागे रोख बक्षीस आलं की विशेषांकांचा बाजार सुरू होतो. अतिथी संपादक, दोन आठवड्यांत स्वीकृती, लेखकांच्या यादीत अनोळखी नावं. २०२३ मध्ये हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांतले ८,००० हून जास्त निबंध मागे घेतले गेले आणि तिच्या मालक वायलीने ते नावच मोडीत काढलं. त्याच वर्षी वेब ऑफ सायन्स ही सूची चालवणाऱ्या क्लॅरिव्हेटने ५० हून अधिक नियतकालिकं यादीतून काढली. एनआयआरएफनेही २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांचे गुण कापायला सुरुवात केली. मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी, जिचं काम आपल्याच पुणे विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबली आणि नियतकालिक निवडायची जबाबदारी संस्थांवर आली.

त्यामुळे पाठवण्याआधीची छाननी घरातच हवी. ग्रंथपाल, संख्याशास्त्र जाणणारा एक, विषयातला एक. पाहायचं काय? प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते लेखी. मूळ विदा (डेटा) कुठे ठेवली आहे. संदर्भांतल्या दहा नोंदी उघडून खरंच आहेत का. त्याच गटाची किंवा त्याच नियतकालिकाची सायटेशनं अकारण भरली आहेत का. आकृत्या आधी कुठे छापल्या आहेत का. आणि दर सहा महिन्यांनी मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या खुल्या विदासंचात विद्यापीठाचं नाव शोधा.

रोख बक्षीस बंद करून तेच पैसे प्रवास, इंग्रजी संपादन आणि विदासंकलनासाठी द्या. 'पेपर आल्यावर पैसे' आणि 'पेपर होण्यासाठी पैसे' यांतून वागणूक वेगळीच घडते.

माध्यम_मराठी

इंग्रजी संपादनाच्या मुद्द्याला +१. आपल्या विद्यापीठांत मराठी माध्यमातून आलेले अनेक हुशार छात्र आहेत. त्यांचा प्रयोग पक्का असतो, निबंध भाषेवर परत येतो, आणि मग ते बाहेरच्या 'लिहून देणाऱ्या' दुकानात जातात. तिथून विदा-चोरी आणि बनावट संदर्भ शिरतात. लेखनकेंद्र काढा: दोन पूर्णवेळ माणसं, पंचेचाळीस मिनिटांची भेट, एका वेळी एकच विभाग, आधी पद्धत, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. युक्तिवाद मराठीत बोलून घ्यावा आणि मग इंग्रजीत मांडावा. याने विचारातली भोकं लवकर दिसतात. केंद्रातल्या माणसाने वाक्य सुधारून देऊ नये, चूक कुठे आहे ते दाखवावं.

टेकडीवरून

परदेशी विद्यार्थ्यांबद्दल राहिलं. पुण्याला ही परंपरा आहे, सिम्बायोसिसची सुरुवातच १९७१ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या आस्थेतून झाली. यूजीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मंजूर जागांवर २५ टक्के अतिरिक्त जागा ठेवता येतात. प्रवेश देणं सोपं, पुढचं सांभाळणं कठीण. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याची नोंदणी १४ दिवसांत, वसतिगृहाने किंवा घरमालकाने मुक्कामाची माहिती २४ तासांत. घरमालकाला हे माहीत नसतं, म्हणून ती भरून देण्याचं काम विद्यापीठाने अंगावर घ्यावं. निकाल रखडला तर व्हिसाच्या मुदतवाढीची कागदपत्रं रखडतात. दिवाळीत मेस आणि वसतिगृह बंद ठेवलं तर नैरोबीच्या किंवा काठमांडूच्या मुलाने जायचं कुठे? निदान एक मजला आणि एक स्वयंपाकघर चालू हवं. या मुलांनी घरी फोनवर काय सांगितलं, त्यावर पुढच्या वर्षीचे प्रवेश ठरतात. मेळाव्यातल्या स्टॉलवर नाही.

शलाका१०

क्यूएसच्या लौकिकाबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. विद्यापीठ दरवर्षी ४०० प्राध्यापकांचे आणि ४०० नियोक्त्यांचे संपर्क सर्वेक्षणासाठी सुचवू शकतं. 'आम्हाला मत द्या' असं सांगायला मनाई आहे. ही यादी बहुतेक जण शेवटच्या आठवड्यात इंटरनेटवरून गोळा करतात, आणि ते लोक उत्तरच देत नाहीत. बाह्य परीक्षक, व्याख्यानाला आलेले पाहुणे, सहलेखक, इंटर्नशिप देणाऱ्या कंपन्यांचे प्रमुख, या प्रत्येकाची नोंद भेटीच्या दिवशी संमतीसह ठेवली तर यादी आपोआप तयार होते.

डेक्कनचा_वाचक

@गणकयंत्र, एक शंका. निवडक विभागांत माणसं घडवली आणि ती जास्त पगारावर दुसरीकडे गेली तर? खाजगीत हे सर्रास होतं.

गणकयंत्र

इथे असताना छापलेला निबंध त्यावरच्या पत्त्यामुळे इथल्याच खात्यावर राहतो, त्याची काळजी नाही. जातं ते बाकीचं: मूळ विदा, यंत्राच्या सेटिंगच्या नोंदी, अर्धवट पीएचडी. म्हणून विदा वैयक्तिक लॅपटॉपवर नको, विभागाच्या सर्व्हरवर हवी, आणि प्रयोगवही विद्यापीठाची. प्रत्येक छात्राला पहिल्या दिवसापासून सहमार्गदर्शक नेमा, म्हणजे मार्गदर्शक गेला तरी नोंदणी लटकत नाही. जाणाऱ्याला नाहरकत द्यायच्या आधी ग्रंथालयाच्या पुस्तकांबरोबर हेही तपासा. आणि त्याला सहा महिन्यांचं मानद पद द्या, हातातले निबंध दोन्ही पत्त्यांनी पूर्ण होतात. मात्र इथे प्रत्यक्ष झालेल्या कामापुरतंच. नुसता पत्ता वापरायला देणं म्हणजे पुन्हा तीच घसरण.